मागल्या ओळींच्या काड्या

द्राक्ष उत्पादकांच्या राज्य संघाची जुन्नर शाखा शोधायला फार विचारावं लागत नाही. सप्टेंबर लागला की बाजारपेठेतल्या ज्या जिन्यावर ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून माणसं बसलेली दिसतील, तो जिना चढायचा. वर डाव्या हाताला साहेबांचं टेबल, उजवीकडे संघाच्या मासिकाचे गठ्ठे, आणि खिडकीपाशी मायक्रोस्कोपवर वाकलेली, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई दिसेल ती रतनबाई. राहणार डिंगोरे, वय पंचेचाळीस.

तिचं काम ऐकायला साधं आहे. द्राक्षाच्या एकेका काडीवर बुडापासून शेंड्यापर्यंत बारा-चौदा डोळे, म्हणजे फुटायच्या जागा, असतात. कुठल्या डोळ्यात घड बसलाय आणि कुठल्यात नुसतीच पानं आहेत, हे वरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून फळछाटणीच्या आधी शेतकरी बागेतल्या डझनभर काड्या संघात आणतो. रतनबाई ब्लेडनं एकेक डोळा उभा चिरते, मायक्रोस्कोपखाली धरते आणि कागदावर लिहिते: घड अमुक डोळ्यात, कात्री तमुक डोळ्यावर लावा, वरचा शेंडा जाऊ द्या. त्या कागदावर माणसाचं वर्ष उभं असतं.

आता ही बाई त्या खुर्चीवर पोचली कशी, तेही ऐकून घ्या. तिचा जन्म मेंढरांमागचा. बाप सोनबा दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पाऊस आला की परत वर यायचा. शाळा अशी अधूनमधून, सापडेल त्या गावात. नववीपर्यंत कशीबशी रेटली. लग्न डिंगोऱ्यातल्या सोमनाथशी झालं, तो पिकअप चालवतो आणि हौस म्हणून वीसेक मेंढरं अजून पाळतो. अकरा वर्षांपूर्वी रतनबाई संघात आली ती झाडू मारायला. खोटं कशाला बोला? झाडू, कपबशा आणि मासिकाच्या पाकिटांवर पत्ते चिकटवणं, एवढंच काम.

तेव्हा मायक्रोस्कोपवर शीला मॅडम बसायच्या. हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे, म्हणून काड्यांना चिठ्ठ्या बांधायला त्या रतनबाईला जवळ बसवायच्या. एकदा मॅडम चहाला उठल्या आणि हिनं भिंगात डोकावलं. मॅडम परत आल्या तर ही म्हणते, "मॅडम, तुमी या डोळ्यात एक घड लिवलाय. दोन हायेत." मॅडमनी पाहिलं, खरंच दोन होते. दुसऱ्या दिवसापासून ब्लेड रतनबाईच्या हातात आलं. मॅडम निवृत्त झाल्या तशी खुर्चीही आली. शिकलेल्या माणसाच्या जागी मेंढरांमागची बाई, म्हणून काहींनी नाकं मुरडली. मुरडेनात का! काम चोख होतं, तोवर कुणाचं काही चाललं नाही.

मग मागच्या साली बोरी बुद्रुकच्या भिमाजीनानांचं प्रकरण झालं.

भिमाजीनाना म्हणजे संघाचे जुने सभासद. टोपी कडक, मिशा टोपीहून कडक. बोरीतल्या दहा जणांनी त्यांचं बघून द्राक्ष लावलं. संघाचा सकाळचा मेसेज आला, 'ढगाळ हवा, डावणी रोगापासून जपा,' की नाना आधी फवारा मारायचे आणि मग गावाला उठवायचे. चर्चासत्रात पहिला प्रश्न त्यांचाच. असा माणूस मागच्या साली काड्या घेऊन आला. रतनबाईनं तपासल्या, घड पाचव्या-सहाव्या डोळ्यात ठळक दिसले, तिनं सात डोळे ठेवून छाटा असं लिहिलं. नानांनी तसंच छाटलं. पंधरा दिवसांनी बाग फुटली ती अशी, की रस्त्याकडच्या सहा ओळींत माल आणि मागच्या तीस ओळींत नुसता पाला. हिरवागार, लुसलुशीत, बघत राहावं असा पाला!

नाना तडक संघात आले. जिन्यावरची माणसं उठून उभी राहिली.

"रिपोर्टात घड व्हते, बागंत न्हाईत," ते म्हणाले. "मंग घड काय वाटेत आळेफाट्याला उतरून गेले?"

सगळे हसले. रतनबाईला हसता आलं नाही. नानांनी तिथंच बसून संघाच्या समितीला अर्ज लिहिला, की तपासणीला शिकलेला माणूस ठेवावा. समितीनं तिला बोलावून सांगितलं, यंदा जाऊ दे, पण पुढच्या साली पुन्हा अशी तक्रार आली तर खिडकीची खुर्ची सोडायची आणि पाकिटांवर बसायचं.

ते वर्ष रतनबाईनं कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. जुन्नरात स्वतःचे डोळे तपासून घेतले, नंबर पावानं वाढला होता. पाव नंबरात काय तीस ओळी जातात? भाकरी थापता थापता ती त्या डोळ्यांचा हिशोब मनात पुन्हा लावायची. पाचव्यात घड होता, सहाव्यात होता, आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. लेक प्रांजल म्हणायची, "आई, सोड आता." सुटत असतं तर धरलं कशाला असतं?

या साली सप्टेंबरातल्या एका शनिवारी नाना पुन्हा जिना चढून आले. काड्यांची मोळी तिच्या टेबलावर ठेवली आणि नजर खिडकीबाहेर लावून बोलले.

"गुरवारी टोळी सांगितलीय छाटायला. औंदा शेवटचं. माल निघाला तर ठीक, न्हाईतर दिवाळीच्या आत बागंला करवत. सोळा साल झाली, वांझ झालीय ती. सूरज म्हनतो ऊस लावा आन् निवांत बसा."

सूरज म्हणजे नानांचा मुलगा, चाकणला कंपनीत असतो. पण 'वांझ' म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज जरा चिरकला, आणि रतनबाईला त्यांचा राग यायचा तो यायचा राहून गेला. सोळा वर्षांपूर्वी या माणसानं एकेक रोप स्वतःच्या हातानं लावलेलं होतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

तिनं मोळी सोडली. बारा काड्या, सगळ्या करंगळीएवढ्या जाड, तांबूस, सरळसोट. धुतलेल्या आणि वर हळदकुंकू लावलेलं. जशी काही बारा सख्खी भावंडं ओळीनं फोटोला उभी! आणि धुऊनही प्रत्येकीच्या सालीच्या खाचेत पांढरी धूळ अडकलेली होती, खडीच्या गाड्या जातात त्या रस्त्याची.

"नाना, बागंतल्या सगळ्या काड्या अशाच हायेत?"

"आमच्या बागंत वाईट काडी नसतीच," नाना म्हणाले, आणि बाकावरची माणसं पुन्हा हसली. लोकांसमोर पुढं काय विचारणार? तिनं मोळीला चिठ्ठी बांधली.

दुपारी तिनं त्या काड्या चिरल्या. घड पाचव्या-सहाव्या डोळ्यात, ठळक, अगदी मागच्या सालासारखे. मागचा कागद पुढं ठेवून नक्कल करावी इतके सारखे. ब्लेड हातात धरून ती बसून राहिली. तिचा डोळा चुकलाच नव्हता. चूक भिंगाखाली नव्हती, मोळीतच होती. नानांनी काड्या बागेतून आणल्या नव्हत्या, निवडून आणल्या होत्या. रस्त्याकडच्या सहा ओळींतल्या, त्यातही देखण्या.

बरं, यात लबाडी काही नव्हती हो. आपल्याकडं पाहुण्याला फुटकी बशी देत नाहीत, देवाला कोमेजलं फूल वाहत नाहीत, आणि संघात न्यायची काडी म्हणजे चारचौघांत बागेचं नाव सांगणारी गोष्ट. वाईट काडी घेऊन जिना चढायचा म्हणजे नाक कापून हातात घेऊन फिरायचं. नानाच काय, निम्मे लोक हेच करत असणार. पण निम्म्या लोकांच्या बागा पुढून मागं सारख्या होत्या, म्हणून निभावलं. नानांची बाग तशी नव्हती.

ती उठून ऋतिक साहेबांच्या टेबलाशी गेली. ऋतिक साहेब संघाचे तज्ज्ञ, एकोणतीस वर्षांचे, माणूस सरळ. त्यांनी ऐकून घेतलं.

"रतनताई, आपण आलेल्या नमुन्याचा रिपोर्ट देतो. नमुना कुठून काढायचा ते मासिकात दर वर्षी छापतो. वाचत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

"साहेब, हा कागद दिला तर बाग जाईल."

"आणि नाही दिला तर तक्रार येईल."

"तक्रार दोन्हीकडनं माझीच हाय," रतनबाई म्हणाली. "मंगळवारपर्यंत थांबवा. उद्या सुट्टीच हाय, मी बोरीला जाऊन येते."

साहेबांनी कागद खणात टाकला.

रविवारी सोमनाथनं मोटारसायकल काढली ती कुरकुरतच. "ज्यानं तुला चारचौघांत हिणवलं त्याच्या दारात जायचं? तू म्हंजी लईच." पण नेलं. वाटेत एकदा थांबून तिला उसाचा रसही पाजला, तेव्हा कुरकुरीचं फार मनावर घ्यायचं नाही.

नानांनी ओट्यावर सतरंजी टाकली. घरी आलेल्या माणसाला उभं ठेवायची त्यांची रीत नव्हती, मग मनात काही का असेना. साळुबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, चहा आणला आणि "दमली असशील गं" म्हणून रतनबाईच्या पाठीवर हात ठेवला. चहा झाल्यावर ती म्हणाली, "नाना, बाग बघायची हाय."

नाना तिला रस्त्याकडच्या ओळींत घेऊन गेले. वेली कशा, खोडं कशी, ताराही कशा ताणलेल्या! तिनं सगळ्याचं कौतुक केलं आणि कौतुक करत करतच चालत राहिली. सातवी ओळ, दहावी ओळ, पंधरावी.

"तिकडं काय न्हाई," नाना मागून म्हणाले.

"बघते की."

शेवटच्या ओळी ओढ्याला लागून होत्या. पलीकडच्या बाभळींची सावली दुपारपर्यंत हटत नव्हती आणि पायाखालची माती अजून ओलीच होती. इथल्या काड्या पेन्सिलीएवढ्या. वाकड्या, फिक्या, काही एकीत एक गुंतलेल्या. रतनबाईनं पिशवीतनं कात्री काढली आणि एका काडीला लावली.

"हां! हात लावू नका," नाना ओरडले. इतक्या मोठ्यानं, की ओट्यावर बसलेला सोमनाथ उठून उभा राहिला. "ह्या काड्या संघात जानार न्हाईत. ही बागंची लाज हाय. तुमी काय माझी अब्रू वेशीला टांगायला आलाय?"

रतनबाईनं कात्री खाली घेतली. पण ती गप्प बसली नाही. वर्षभर गप्प बसली होती, पुरे झालं.

"नाना, माझा बाप मेंढरं घ्यायला जायचा. इकणारा काय करतो? धष्टपुष्ट मेंढरं म्होरं काढतो. बाप त्यांच्याकडं बघायचासुद्धा न्हाई. कळपाच्या पार मागं जाऊन लंगडं, रोडकं जे आसंल त्याच्यापाशी बसायचा. म्हनायचा, कळप किती चालंल ते म्होरलं मेंढरू न्हाई सांगत. तुमी सहा ओळी दाखवता, म्या सहा ओळींचा कागद देते, आन् कात्री छत्तीस ओळींवर चालती."

नानांचा चेहरा लालबुंद झाला. "मेंढरं आन् द्राक्षं एकच काय?"

"न्हाई. मेंढरू निदान ओरडून सांगतं, मला उचला म्हनून."

साळुबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्यांना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. नाना वळले आणि तरातरा घराकडं चालते झाले. निरोपसुद्धा दिला नाही. साळुबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "उसात बिबट्या हाय, उजेडाचं निघा." आणि मग जरा थांबून, "माणूस वाईट न्हाई गं. पन ताठ हाय." परतीच्या वाटेवर सोमनाथनं या खेपेला रसासाठी गाडी थांबवली नाही. रतनबाईला वाटलं, संपलं. बागही गेली, खुर्चीही गेली.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी जिन्यावरची गर्दी पांगली, बाजारातली दुकानंही जेवणाला बंद झाली, तेव्हा नाना आले. काखेत घोंगडीची वळकटी, आणि असे इकडंतिकडं बघत, जसा काही चोरीचा माल आणलाय. मागं साळुबाई. नानांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

वळकटी उघडली. आत काड्यांचे दोन जुडगे. एक सहा काड्यांचा, दुसरा अठराचा, जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेला. त्यात जाड होत्या, बारीक होत्या, एक तर इतकी वाकडी की तिची वेटोळी करावी लागली होती.

"कशा निवडल्या?" रतनबाईनं विचारलं.

नाना बोटाची चिंधी चाचपत बसले. साळुबाईच बोलल्या. "निवडल्याच न्हाईत. दोनदा गेले मागल्या ओळीत, दोन्ही बारीला आपल्या चांगल्याच काड्या घेऊन आले. म्हनले, हात तिकडंच जातो, काय करू? मंग म्या उपरण्यानं ह्यांचं डोळं बांधलं आन् हाताला धरून चालवलं. मधीच कुठंबी मी थांबायची आन् म्हनायची, कापा. हाताला लागंल ती काडी. आपलंबी बोट कापून घेतलं दोनदा."

ऋतिक साहेब तोंडावर फाइल धरून हसत होते. रतनबाईनंही ओठ दाबले.

"मावशी, तुमीच का न्हाई कापल्या?"

"कापल्या असत्या की. मला लाज न्हाई वाटत वाईटाची. चांगलं ते बाहेर द्यायचं आन् उरलंसुरलं आपल्या ताटात, जलमभर तेच केलंय, मला त्याच्याकडं बघायची सवय हाय. पन म्हनलं, बाग ह्यांची. ह्यांच्याच हातनं येऊ दे."

रतनबाईनं ब्लेड घेतलं. पहिला जुडगा पुढच्या ओळींचा, त्यात घड पाचव्या-सहाव्यात. ते तिला माहीतच होतं. मग लुगड्याच्या काठाची गाठ सोडली. बारीक काडी, पाचवा डोळा: नुसती पानं. सहावा, सातवा: पानं. आठवा: एक बारीकशी बाळी, म्हणजे घडाच्या जागी तारेला धरायचा नुसता तणावा. खरंच काही नसलं तर? म्हातारा म्हणतो तशी बाग संपलीच असली तर? नाना समोर बसून तिच्या हाताकडं बघत होते.

तिनं नववा चिरला. भिंगात पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"नाना, इकडं या."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"या तर."

आयुष्यात पहिल्यांदा भिमाजीनाना त्या खुर्चीवर बसले. टोपी आड येत होती ती मागं सारली. बराच वेळ त्यांना आपल्याच पापण्या दिसत होत्या. मग रतनबाईनं बाजूचं चाक जरा फिरवलं आणि ते एकदम स्थिर झाले. भिंगात पांढरट, दाणेदार, इवलासा घड होता, कोबीचा गड्डा लहान करत करत न्यावा तसा.

"हा आमचा?"

"तुमचाच. ओढ्याकडचा."

दहाव्यातही होता. दुसऱ्या काडीत, तिसऱ्या काडीत, त्या वेटोळ्या काडीतसुद्धा नवव्या-दहाव्यात घड होता. सावलीमुळं मागच्या ओळींनी घड वरच्या डोळ्यांत धरला होता, एवढंच. चार काड्या रिकाम्या निघाल्या, चौदात माल होता. रतनबाईनं कागद केला: पुढच्या सहा ओळींना सात डोळे, मागच्या तीस ओळींना अकरा.

"अकरा?" नानांमधला जुना नाना जागा झाला. "एवढ्या लांब काड्या ठेवल्या तर बाग झिपरी दिसंल. लोक हसतील."

"मागल्या ओळी रस्त्यावरनं दिसत न्हाईत," साळुबाई म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

गुरुवारी टोळी आली. छाटणारी माणसं सवयीनं कात्री सातव्यावरच लावायची, म्हणून साळुबाई सहाव्या ओळीच्या शेवटी पाटावर बसून राहिल्या आणि पुढं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून अकरा मोजायला लावलं. म्हातारीनं पोलिसासारखा पहारा केला असं टोळीवाले नंतर सांगत होते.

मग वाट बघणं आलं. द्राक्षाला पंधरा दिवस द्यावेच लागतात, त्यात राजाचंही काही चालत नाही. रतनबाई रोज चाळीस-पन्नास काड्या चिरत होती. मोळी उघडली की आता ती सरळ विचारायची, "मागल्या ओळीतल्या कुठं हायेत?" कुणी लाजायचं, कुणी चिडायचं, दोघे-तिघे परत जाऊन आणायचे. मधे जेव्हा जेव्हा फोन वाजायचा तेव्हा ती हातातलं ब्लेड ठेवून आधी नंबर बघायची. प्रांजलनं कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या तर तिनं पेन काढून घेतलं.

सोळाव्या दिवशी फोन आला. "या," एवढंच म्हणाले नाना, आणि ठेवला.

"या म्हंजी काय?" सोमनाथनं विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं. बोरीपर्यंत ती मोटारसायकलवर डोळे मिटून बसली होती.

ओट्यावर कुणी नव्हतं. ती तशीच बागेत शिरली आणि पुढच्या ओळी न बघता मागं गेली. ओढ्याच्या कडेला नाना उभे होते, साळुबाई बांधावर बसल्या होत्या. लांब ठेवलेल्या त्या झिपऱ्या काड्यांच्या टोकांना कोवळे पोपटी फुटवे आले होते, चार-चार बोटांचे. आणि फुटव्यांत घड होते. बोटाच्या पेराएवढे, पण घड. एका काडीवर दोन, पुढच्या काडीवर एक, त्याच्या पुढच्या काडीवर दोन. रतनबाई ओळीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"निघाला की हो नाना माल!"

नानांनी मान हलवली. पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. ते एका फुटव्याकडं बघत होते.

"रतनबाई, एक इचारतो. खरं सांगायचं. मागल्या साली ह्या ओळींत घड व्हते?"

तिनं साळुबाईंकडं पाहिलं. साळुबाईंनी नजर खाली घातली. कुणास ठाऊक म्हणून सोडून देता आलं असतं. वेळही तशी होती, आनंदाची. पण माणूस खरं मागत होता.

"व्हते, नाना. औंदा हायेत तितकेच असणार. नवव्या-दहाव्यात."

"आन् म्या सातव्यावर कापलं."

"व्हय."

"म्हंजी सगळा माल खाली पडला. ह्याच मातीत." नानांनी पायाजवळ पाहिलं. "तिसऱ्या दिवशी गोळा केला आन् त्या बांधावर पेटवून दिला. माझ्या हातानं. वर सगळ्या गावात हिला वांझ म्हनत फिरलो. वरीसभर."

नानांनी टोपी काढली, खोडावर हात ठेवला आणि लहान मूल रडतं तसे, आवाज न दाबता रडले. साळुबाई उठल्या नाहीत. रडू दिलं. रतनबाईचेही डोळे भरून आले, आणि वर्षभर जे उरात धरून ठेवलं होतं ते तिथं उभ्याउभ्याच सुटलं.

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तिला बोललो तसंच तुमालाबी बोललो. चारचौघांत. तुमचा डोळा चुकला म्हनून. माफ करा, पोरी." आजवर त्यांनी तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. "सोमवारी समितीची बैठक हाय. तिथं उभं राहून हेच सांगनार हाय, जसंच्या तसं, जाळल्याचंसुद्धा. पन तुमी बाहेर जाऊन बसा तेवढा येळ. तुमच्यासमोर बोलायला जड जाईल."

"न्हाई जमायचं, नाना," रतनबाई म्हणाली. "जिन्यावर काड्या घेऊन मानसं बसली असत्याल. मी खिडकीपाशीच असनार, माझ्या खुर्चीवर."

नानांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"बसा," ते म्हणाले. "तिथंच बसा."